चाकाखालची वहिवाट

पुणे-नाशिक राजरस्त्याने मोटारीतून जाणाऱ्या मनुष्याला नारायणगाव दिसते ते टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेल्या मालमोटारींचे, द्राक्षांच्या मांडवांचे आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेल्या तमाशाच्या फडांचे गाव म्हणून. आणि ही ओळख खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षातल्या एका पहाटे, मीना नदीवरचे धुके अद्याप हलले नव्हते अशा वेळी, राजरस्ता पाठीमागे टाकून आम्ही चौघे सायकलींवर निघालो, आणि पहिल्या अर्ध्या कोसातच माझ्या ध्यानात आले की, या गावाला त्याच्या शिवाराशी, शिवाराला शेजारच्या मौज्याशी आणि त्या मौज्याला सह्याद्रीच्या धारेशी जोडणारे जे मार्ग आहेत, त्यांपैकी कितीतरी आजही डांबराच्या बाहेर आहेत. पाणंदी, गाडीवाटा, बांधावरच्या पाऊलवाटा, कालव्याच्या भरावावरचे रस्ते, घाटाच्या नाळेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, हे सारे अजून जागच्या जागी आहे. आणि लमाणांचा लादलेला बैल या मुलखातून निघून गेल्यानंतर बऱ्याच काळाने त्यांना मानवेल असे एक वाहन पुन्हा उपलब्ध झाले आहे.

ही डोंगरी सायकल, जिला आता खेड्यातली शाळकरी मुलेसुद्धा ‘एमटीबी’ म्हणून ओळखतात, दिसायला आडदांड असली तरी तिच्या अंगी एक प्रकारची नम्रता आहे. तिचे टायर दोन इंचांहून रुंद आणि खोल खाचांचे असतात. त्यांत हवा किंचित कमी ठेवली म्हणजे ते दगडाला ठोकर न देता त्याला कवटाळून पुढे सरकतात. पुढच्या चिमट्यात धक्का शोषणारी योजना असते, आणि गिअर इतके हलके लावता येतात की चालत्या माणसाच्या गतीने का होईना, पण उभ्या चढावर मनुष्य न उतरता जाऊ शकतो. सराट्यांनी आणि बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या आमच्या पूर्वेकडच्या शिवारात ट्यूब घातलेले चाक दिवसातून तीनदा बसते, म्हणून जाणते सायकलस्वार ट्यूब काढून टायरात एक चिकट द्रव भरतात, जो काटा निघताच छिद्रात जाऊन थिजतो. हे सारे ज्ञान पुस्तकांतून येत नाही. ते मातीने शिकवलेले असते.

आणि माती तरी येथे किती प्रकारची! जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा मुलूख सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे उतरत जातो, आणि पंजाची बोटे पसरावीत तसे डोंगरांचे फाटे त्या उतारावर पसरलेले आहेत. दोन बोटांच्या मध्ये एक नदी, आणि त्या नदीचे खोरे म्हणजे एक ‘नेर’: मीनेचे ते मीननेर, घोडेचे ते घोडनेर, दक्षिणेस भीमेचे भीमनेर आणि भामेचे भामनेर. उत्तरेस माळशेजच्या अंगाने येणारी पुष्पावती कुकडीला मिळते. कुकडी आणि मीना या दोघी पुढे घोडेला मिळतात आणि घोड अखेर भीमेला. पश्चिमेच्या टोकाला तांबडी माती, भाताची खाचरे आणि चातुर्मासात दहा हातांवरचे दिसू न देणारा पाऊस. मध्यावर मुरमाड टेपाडे, ऊस, कांदा आणि बागा. आणि पूर्वेला आण्याच्या पठारावर पाण्यासाठी आभाळाकडे लागलेले डोळे. एवढा फरक एका तालुक्याच्या रुंदीत सामावलेला आहे. मोटारीत बसलेल्याला हा फरक खिडकीतून दिसतो. सायकलवाल्याला तो मांड्यांना आणि मनगटांना कळतो. श्रावणात काळ्या मातीच्या वाटेवर चाक घातले तर पन्नास पावलांत चिखल चिमट्यात असा दाटतो की चाक फिरेनासे होते, म्हणून त्या दिवसांत मुरमाच्या वाटांनी जावे, आणि काळ्या मातीकडे कार्तिक उलटल्यावर, ती तापून टणक झाली म्हणजे वळावे, हा येथला अलिखित नियम आहे.

पहिल्या दिवशी आम्ही कालव्याचा रस्ता धरला. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, म्हणजे माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे, एकमेकांशी कालव्यांनी अशी बांधलेली आहेत की घोडेचे पाणी डिंभ्याच्या डाव्या कालव्याने डोंगराला वळसा घालीत येडगावच्या जलाशयात येते, आणि तेथून कुकडीचा डावा कालवा ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत घेऊन जातो. कालव्याच्या भरावावर देखरेखीसाठी ठेवलेली मुरमाची वाट म्हणजे डोंगरी सायकलचा ओनामा गिरवण्याची उत्तम पाटी होय, कारण पाणी ज्या मंद उताराने वाहते त्याच उताराने ती वाट जाते. छातीला धाप लागत नाही आणि डोळ्यांना सवड मिळते. एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेला ऊस, मध्येच चारीच्या दारावर बसलेला पाटकरी. अशाच एका पाटकऱ्याने आम्हांला थांबवून विचारपूस केली, हातावर भाजक्या शेंगा ठेवल्या, आणि निघताना सांगितले, “दादा, कॅनॉलच्या कडंनं खुशाल जा, पण दिवस मावळायच्या आत उसातून भायेर पडा.”

हा इशारा शिष्टाचाराचा नव्हता. जुन्नरच्या उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे, आणि या परिसरातल्या कित्येक घरांनी आपले माणूस या संघर्षात गमावलेले आहे. हे दुःख ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्या अंगणावरून आपण हौसेने जात आहोत, याचे भान सायकलस्वाराने क्षणभरही सोडू नये. येथे रात्रीच्या सफरी काढू नयेत, एकट्याने मागे राहू नये, आणि उसाच्या दोन फडांमधल्या बोळात खाली वाकून चाक दुरुस्त करीत बसू नये, हे मी येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो.

येडगावच्या जलाशयाचे पाणी जेथे ओझरच्या घाटाला भिडते तेथे विघ्नेश्वराचे देऊळ आहे, आणि वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी त्याच्या शिखरावर सोन्याचा कळस चढविल्याचे सांगतात. देवळाच्या मुख्य रस्त्यावर वाहनांची गर्दी असली, तरी जलाशयाच्या कडेने जाणारी जी गुरांची वाट आहे तिच्यावर आम्हांला दोन तासांत तीन मेंढपाळ आणि असंख्य बगळे यांपलीकडे कोणी भेटले नाही. पाणी उतरत जाते तशी ही वाट दर महिन्याला थोडी खाली सरकते. गाळपेरीची जमीन मोकळी होते आणि तिच्या कडेने नवी पाऊलवाट पडते. नकाशात तिला जागा नाही, पण गुरे तिला चुकत नाहीत.

परतताना खोडदच्या बाजूने आलो. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण येथे आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पैकी १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. त्यामुळे ज्वारीच्या शेतातून वळण घेतल्याबरोबर विश्वाच्या दूरच्या प्रदेशांकडे तोंड करून उभी असलेली एखादी जाळीदार तबकडी अकस्मात समोर येते. मीटरभर लांबीच्या ज्या क्षीण लहरी ती ऐकते, त्यांना पेट्रोलच्या इंजिनातल्या ठिणगीचाही उपद्रव होतो. सायकलला ठिणगी नाही. तबकडीजवळून जाताना आपण या यंत्राच्या एकाग्रतेत व्यत्यय आणीत नाही, या विचाराने मला फार समाधान वाटले.

त्याच दिवशी एक चूकही घडली, आणि या लेखाचा जो मुख्य विषय तो मला त्या चुकीने दिला. वाट पुढे पाण्याने खचलेली दिसली म्हणून आमच्यापैकी दोघांनी नव्याने लावलेल्या कांद्याच्या वाफ्याच्या कडेवरून चाके घातली. पलीकडे रोपे लावीत असलेली बाई उठून उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. “वाट हाये ना दादा, तिकडून जा,” ती म्हणाली, “वाफा म्हंजी वाट नव्हं.” आम्ही उतरलो, तिची क्षमा मागितली, दबलेला वरंबा हातांनी नीट केला आणि खचलेली वाट सायकली खांद्यावर घेऊन ओलांडली. त्या बाईने दोन वाक्यांत जो भेद केला, त्यावर महसूल खात्याचे अख्खे शास्त्र उभे आहे.

त्या शास्त्राचे नाव वहिवाट. जमीन एकाची आणि तिच्यावरून जाण्याचा हक्क दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या खेड्यांनी कायद्यापूर्वीच मान्य केलेली होती. कायद्याने तिला दप्तरात जागा दिली. मोजणी खात्याच्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवितात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे गुंठ्याच्या तेहेतीस फुटी बाजूचा बरोबर चौथा हिस्सा. अशी वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली मामलेदाराकडे दाद मागता येते, आणि बांधावरून शेतात जाण्याच्या हक्काचा निर्णय १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमान्वये तहसीलदार करतो. तालुक्याच्या कचेरीत वाटेच्या तंट्याचे अर्ज घेऊन बसलेले शेतकरी ज्याने पाहिले असतील, त्याला हातभर रुंदीच्या पट्ट्यासाठी दोन भाऊ पिढ्यान्‌पिढ्या का झगडतात हे सांगावे लागत नाही. त्या पट्ट्यावरून ऊस बाहेर येतो, आजारी माणूस बाहेर येतो, नवरी बाहेर येते. अशा वाटांवर आता आम्ही शहरातले लोक कौतुकाने चाके घेऊन आलो आहोत, आणि आमची वहिवाट कोणती, हा प्रश्न आमचा आम्हीच विचारला पाहिजे.

हा प्रश्न इतरत्रही पडलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात, १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन वणव्यासाठी राखलेल्या रस्त्यांवरून खाली सुटत. १९७६ पासून त्यांनी तेथे शर्यती भरविल्या. उतार इतका तीव्र की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि दर खेपेस ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठीच मुद्दाम नवी चौकट घडविली, आणि अवघ्या दोन दशकांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ जागतिक मान्यतेला पोहोचला. परंतु ज्या डोंगरावर तो जन्मला तेथेच पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात कलह माजला आणि अनेक अरुंद वाटा चाकांना बंद झाल्या. इंग्लंडने मात्र वेळीच एक शहाणपणाची तरतूद करून ठेवली होती: १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक अधिनियमाने घोड्यांच्या जुन्या वाटांवर सायकलला मुभा दिली, आणि त्याच कलमात अशी अट घातली की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. माझ्या मते डोंगरी सायकलचा सारा धर्म या एका अटीत आलेला आहे. आपल्याकडे तिच्यात फक्त काही नावे वाढवावी लागतील: डोक्यावर मोळी घेतलेली बाई, शेळ्यांचा कळप, आणि औताला जुंपलेली, चाकांच्या सळसळीने बुजणारी बैलजोडी.

फाल्गुनात आम्ही नाणेघाटाकडे गेलो. जुन्नर सोडल्यावर शिवनेरी डाव्या हाताला बराच वेळ सोबत करते. मग माणिकडोहचा जलाशय लागतो, चावंडचा कातळ वर येतो, आणि त्यापुढे पूरच्या कुकडेश्वराजवळ, जेथे कुकडी उगम पावते, रस्ता खाचरांच्या पायऱ्या चढू लागतो. या प्रदेशात आम्ही मुद्दाम डांबर सोडले आणि वाडीवाडीला जोडणाऱ्या गाडीवाटा धरल्या. उन्हाने तडकलेली खाचरे, करवंदीच्या जाळ्या, कातळाचा उघडा माळ, पुन्हा खाचर. वाट कातळावर आली की नाहीशी होते, आणि मग शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत केलेला दगडाचा फिका पट्टा शोधीत जावे लागते. घाटघरपाशी जीवधन डावीकडे राहतो, आणि समोर नानाचा अंगठा आकाशात घुसलेला दिसतो.

नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून प्रसिद्ध आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल येथून चढून जुन्नरात आणि तेथून पैठणाकडे जाई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, ज्यात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा यांची मोजदाद अंकांसह कोरलेली असून ते अंक भारतातल्या प्राचीनतम अंकांपैकी आहेत. १८२८ मध्ये कर्नल साइक्स याने तो विद्वानांच्या नजरेस आणला. राजपुरुषांच्या मूर्ती तेथे होत्या. आज त्यांची पावले आणि वरची नावे तेवढी राहिली आहेत. दोन हजार वर्षांच्या या राजमार्गावर राजांची फक्त पावले उरावीत, आणि त्यांच्यासमोरून लादलेली जनावरे हाकीत गेलेल्या अनाम माणसांनी झिजवलेले दगड मात्र संपूर्ण उरावेत, हे पाहून मी त्या लेण्यात बराच वेळ बसून राहिलो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून, पालीच्या वाटेने घाट चढून जुन्नरात आला होता. त्याच्याजवळ विक्रीसाठी आणलेला एकच घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो हिसकावून घेतला आणि पुष्कळ विनवण्यांनंतर परत दिला. चार महिने अहोरात्र पडणारा पाऊस आणि सर्वत्र साचलेला चिखल, यांची त्याने करून ठेवलेली नोंद आजच्या कोणाही सायकलस्वाराला अक्षरशः पटेल. परक्या मुलखात आपले वाहन सुखरूप राखण्याची त्याची चिंताही पटेल.

नाणेघाटात खाली कोकणात उतरणारी नाळ सायकलवर बसून उतरण्याचा मोह काही तरुणांना होतो, आणि त्याची छायाचित्रेही फिरत असतात. आम्ही तसे केले नाही. त्या पायऱ्या पावलांसाठी आणि खुरांसाठी रचलेल्या आहेत. ब्रेक दाबून घसरत जाणारे चाक दोन दगडांमधली माती उकरते, तेथे पुढच्या पावसाचे पाणी शिरते, आणि एका हंगामात दगड सुटतो. सायकली माथ्यावर ठेवून आम्ही पायी खाली गेलो आणि पायी वर आलो. ज्या वाटेवर चाक नेऊ नये ती ओळखता येणे, ही या छंदातली खरी पारंगतता आहे असे मी मानतो, आणि या मतावर मी ठाम आहे.

शेवटची फेरी वैशाखात, घोडनेरात. घोडेगावाहून डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने आहुप्याकडे जाताना रस्ता सतत पाण्याकडे येतो आणि पुन्हा डोंगराकडे वळतो. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. झाडावरून कोवळा काढलेला बाळहिरडा या दिवसांत घरोघरी वाळत घातलेला असतो, आणि अंगण पुरले नाही तर कातळावर, वाटेवरसुद्धा. अशा ठिकाणी सायकलवरून उतरून, ती उचलून, कडेने जावे लागते. वाट त्या महिन्यापुरती खळे झालेली असते आणि वर्षाचा पैका त्या खळ्यावर पसरलेला असतो. आहुप्याच्या देवराईत शिरलो तेही पायीच. पुढे भीमाशंकरचे अभयारण्य आहे, शेकरूचे घर. तेथे वनखात्याच्या परवान्याखेरीज जाऊ नये, आणि ज्या वाटा चाकांना मोकळ्या नाहीत त्यांवर चाक नेऊ नये.

परत येताना जलाशयाच्या काठी एक वृद्ध गृहस्थ गुरे चारीत होते. डिंभे धरणाचे पाणी चढले तेव्हा जुने आंबेगाव त्याखाली गेले. तालुक्याला त्याचे नाव राहिले, कचेरी घोडेगावात, आणि जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव. वैशाखात पाणी तळाला जाते तेव्हा जुन्या देवळांचे दगड, जोत्यांच्या रेषा आणि गाळात रुतलेले उंबरे पुन्हा उघडे पडतात. बाबांनी काठीने एक उतरती वाट दाखविली. दोन्ही बाजूंना दगड लावलेली, भेगाळलेल्या गाळावर फिकट उमटलेली ती वाट सरळ पाण्याकडे जात होती.

“हा बाजाराचा रस्ता,” ते म्हणाले. “मी बारका असताना बापाच्या गाडीतून ह्याच रस्त्यानं यायचो.”

मी विचारले, “बाबा, ह्यावरून सायकल नेली तर चालेल का? कोणाची हरकत?”

त्यांनी माझ्याकडे काहीशा नवलाने पाहिले. “हरकत कशाची? रस्ताच हाये तो.”

ते पुढे चालू लागले, आणि आम्ही सायकली हातात धरून त्यांच्या मागून निघालो. एका जोत्यापाशी ते थांबले, काठीने एक दगड ठोकून पाहिला आणि तो कोणाच्या दाराचा हे सांगितले. मग दुसऱ्या दगडापाशी थांबले. असे करीत करीत आम्ही पाण्याच्या कडेशी आलो. रस्ता तसाच पुढे खाली जात होता. हातभर खोलीपर्यंत त्याच्या कडेचे दगड पाण्यातून स्वच्छ दिसत होते, आणि त्यापलीकडे दिसत नव्हते.